तेलखडूचा जन्म आणि नकलेविरुद्धचा एक लढा

🧵 शाळेच्या दप्तरातील तेलखडूंची पेटी आपल्या इतकी परिचयाची असते की तिला इतिहास असेल, असे मनातही येत नाही. परंतु ही पेटी एका शैक्षणिक वादातून जन्मली आहे. मुलाने चित्र पाहून चित्र काढावे की जग पाहून, हा तो वाद. स्थळ जपान, काळ १९१९ ते १९२५.

१/ मेइजी काळात जपानी शाळांत चित्रकला हा विषय आला, तोच अनुकरणाच्या रूपाने. पुस्तकातील नमुना समोर ठेवायचा आणि तो हुबेहूब उतरवायचा. पेन्सिल वापरावी की पारंपरिक कुंचला, यावर विद्वानांत मोठी चर्चा झाली. साधन कोणतेही असो, काम मात्र नक्कल करण्याचेच राहिले.

२/ या पद्धतीला आव्हान दिले ते कानाए यामामोतो (१८८२–१९४६) या चित्रकाराने. जपानी काष्ठमुद्रणात चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे वेगवेगळे कारागीर असत. १९०४ मध्ये यामामोतोंनी एका मच्छीमाराचे चित्र स्वतःच रेखाटले, स्वतःच कोरले आणि स्वतःच छापले. आधुनिक जपानी मुद्राचित्रणाचा आरंभ या चित्रापासून मानला जातो.

३/ १९१२ मध्ये ते फ्रान्सला गेले. १९१६ मध्ये परतताना काही काळ मॉस्कोत थांबले. तेथे त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहिले. कोणताही नमुना समोर नसताना काढलेली ती चित्रे त्यांच्या मनात घर करून राहिली.

४/ एप्रिल १९१९. नागानो प्रांतातील कांगावा गावची प्राथमिक शाळा. यामामोतोंच्या प्रेरणेने येथे मुलांच्या ‘मुक्त चित्रां’चे पहिले प्रदर्शन भरले. आपल्या डोळ्यांना दिसेल ते काढा, एवढाच नियम. पाहता पाहता हे लोण देशभर पसरले, टीकाही झाली. शिकवायचेच नाही, तर शिक्षक कशाला, हा टीकाकारांचा सवाल होता.

५/ मुले वर्गाबाहेर पडली, तसा साधनाचा प्रश्न उभा राहिला. जलरंगांना पाणी, कुंचला आणि वाळण्यासाठी वेळ लागतो. मेणखडू सोयीचे होते; अमेरिकेत १९०३ मध्येच आठ रंगांची ‘क्रेयोला’ पेटी पाच सेंटला मिळू लागली होती. परंतु मेणखडू कठीण, त्याचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. पेस्टल मिसळते, पण त्याची भुकटी झडते.

६/ ओसाकातील ‘साकुरा’ कंपनीने या दोहोंचा मेळ घातला. रंगद्रव्यात मेण आणि तेल कालवून १९२५ मध्ये ‘क्रे-पास’ बाजारात आले. क्रेयॉनमधला ‘क्रे’ आणि पेस्टलमधला ‘पास’! आरंभी उष्णतेने खडू मऊ पडत, थंडीत कडक होत. म्हणून उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी वेगवेगळे खडू बनवले जात.

७/ वर्गातील साध्या क्लृप्त्यांचे मूळ या घडणीतच आहे:
• फिकट रंगावर गडद रंग देऊन बोटाने घासला की दोन्ही मिसळतात, तेलाची किमया.
• रंगीत थरावर काळा थर देऊन टोकदार काडीने खरवडले की खालचे रंग उजळून निघतात.
• मेणखडूच्या रेघांवर पातळ जलरंग फिरवा. मेण पाणी धरत नाही, रेघ कोरडी राहते.
• नाण्यावर पातळ कागद ठेवून खडू आडवा घासा. ठसा उमटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून सोपा पहिला धडा कोणता? (प्रत्यक्ष शिलालेखावर मात्र हा प्रयोग नको!)

८/ यातील एकाही क्लृप्तीला नमुन्याची गरज नाही. किती जोर द्यावा, कोठे थांबावे, हे मुलाच्या हातालाच ठरवावे लागते. टीकाकारांच्या सवालाचे उत्तरही येथेच आहे. शिक्षकाने साधनाचे गुणधर्म दाखवावेत. काय काढायचे, ते मुलाने ठरवावे.

९/ आता आपल्याकडे पाहू. दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, एक नदी, एक झोपडी, नारळाचे झाड. ज्या मुलाच्या गावात डोंगरही नाही आणि नारळही नाही, तेही हेच चित्र काढते. तेलखडूची पेटी आपल्यापर्यंत पोहोचली; ज्या विचारासाठी ती घडवली गेली, तो मात्र वाटेतच राहिला.

१०/ शंभर वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेने विचारलेला प्रश्न म्हणूनच अजून शिळा झालेला नाही. घरातील एखाद्या लहानग्याच्या हाती खडू द्याल, तेव्हा ‘काय काढू?’ असे ते विचारीलच. उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला खिडकीपाशी न्या. 🖍️