नाक्यावरची चिटोरी

कागद दिसायला अगदी साधा. वर तारीख, नाक्याचं नाव, पाळी सकाळची की दुपारची, आणि तिथं उभ्या राहिलेल्या दोघी-तिघींची नावं. खाली घड्याळाच्या वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे एखाद-दोन ओळी : तपासणीच्या किती मार्गिका चालू, रांग कुठवर गेलेली, किती जणांना बाजूला बसवून ठेवलंय, कुणाचं ओळखपत्र अजून सैनिकाकडेच आहे. पुष्कळ कागदांचं सार एकच : आज विशेष काही नाही.

हे कागद 'मखसोम वॉच' या गटाचे. 'मखसोम' म्हणजे हिब्रूत नाका. पॅलेस्टिनींच्या अरबी बोलण्यातही तो शब्द तसाच रुळला आहे. 2001 च्या सुरुवातीला जेरुसलेमच्या तीन इस्रायली स्त्रियांनी गट उभा केला, आणि त्यात फक्त स्त्रियांनाच घ्यायचं ठरलं. काही वर्षांत संख्या काहीशेंवर गेली. बऱ्याचजणी निवृत्तीच्या वयाच्या. पहाटे गाडी काढायची, वेस्ट बँकेतल्या ठरलेल्या नाक्यावर जायचं, पाहायचं, घरी येऊन लिहायचं.

आपल्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांना बखरीपेक्षा समकालीन चिटोरं मोलाचं वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. या कागदांचं मोल तेच, आणि आणखी एक. ज्या कारभाराचं हे टिपण आहे, त्याचे रोजचे नियम नाक्यावर कुठे टांगलेले नसत. आज कुणाला सोडायचं हे तोंडी ठरे. काल चाललेला परवाना आज चालेलच असं नसे. असा नियम एका कागदावरून कळत नाही. शंभर कागद तारखेनं लावले की दिसायला लागतो.

मागचा धागा थोडक्यात. 1967 च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक आणि गाझा घेतलं. 1972 पासून तिथल्या बहुतेक रहिवाशांना सरसकट परवानगीनं इस्रायलमध्ये येता-जाता येई. जानेवारी 1991 मध्ये ती रद्द होऊन प्रत्येकाला वेगळा परवाना लागू लागला, मार्च 1993 मध्ये प्रदेशच बंद झाला, आणि सप्टेंबर 2000 मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटल्यावर गावा-गावांतले रस्तेही अडवले गेले. इस्रायली लष्कराचं म्हणणं स्पष्ट होतं : आत्मघातकी हल्लेखोर इथेच अडतात. हल्ले खरे होते, माणसं मरत होती. पण बरेच नाके इस्रायलच्या सीमेवर नव्हते. ते एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावाला जाणाऱ्या वाटेवर होते.

नाब्लुस शहर घ्या. दक्षिणेला हुवारा, पश्चिमेला बैत इबा, पूर्वेला बैत फुरिक. एक टॅक्सी अलीकडे सोडायची, पायी पलीकडे जायचं, दुसरी टॅक्सी धरायची. अन-नजाह विद्यापीठाचे विद्यार्थी, दवाखान्यात निघालेली म्हातारी, सामानाची हातगाडी ओढणारा हमाल, सगळे त्याच रांगेत. 16 ते 35 वयाच्या पुरुषांना काही काळ शहराबाहेर पडायलाच बंदी असे. बायका, म्हातारे आणि मुलं यांच्यासाठी वेगळी रांग. तिचं सरकारी नाव 'मानवतावादी'.

एकाच बाजूचा कागद पुरत नाही, पडताळा हवा. संयुक्त राष्ट्रांच्या 'ओचा' या कार्यालयानं वेस्ट बँकेतले अडथळे मोजून नकाशे काढले : ऑगस्ट 2005 मध्ये 376, सप्टेंबर 2008 मध्ये 630. माणसं उभी असलेले नाके त्यात थोडे. बाकी मातीचे ढीग, सिमेंटचे ठोकळे, कुलूपबंद फाटकं. दुसरा पुरावा खुद्द सैनिकांचा. हेब्रॉनमध्ये नोकरी केलेल्या काही तरुणांनी 2004 मध्ये 'ब्रेकिंग द सायलेन्स' ही संघटना सुरू केली आणि तेल अवीवच्या त्यांच्या प्रदर्शनात पॅलेस्टिनींकडून काढून घेतलेल्या गाड्यांच्या किल्ल्या मांडल्या. 'किल्ली काढून घेतली' ही स्त्रियांच्या टिपणातली ओळ तिथे भिंतीवर लटकत होती.

तिसरा पुरावा लोखंडाचा. मोठ्या नाक्यांवर फिरती फाटकं बसवली गेली. वास्तुविद्येचे अभ्यासक एयाल वाइझमन यांनी 2007 च्या पुस्तकात त्यांची मापं नोंदवली आहेत : इस्रायलमध्ये अशा फाटकाच्या दांड्या 75 ते 90 सेंटिमीटर लांब असतात, वेस्ट बँक आणि गाझासाठी मागवल्या त्या 55 सेंटिमीटरच्या. वीस ते पस्तीस सेंटिमीटरचा हा फरक कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या बाईला कळतो.

आता जिथे कागद एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे येऊ. नोव्हेंबर 2004 मध्ये बैत इबा नाक्यावर गटातल्या एका स्त्रीनं चित्रण केलं : एक पॅलेस्टिनी तरुण सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवतो आहे, मागे माणसं खोळंबली आहेत. 'हाआरेत्झ' या इस्रायली दैनिकानं ते छापलं आणि इस्रायलमध्ये गहजब झाला. छळछावण्यांतल्या ज्यू वादकांची आठवण त्या देशात कुणाला करून द्यावी लागत नाही. लष्कर आधी म्हणालं, सैनिक असंवेदनशील वागले. पुढच्या चौकशीनंतर म्हणालं, पेटी उघडायला सांगितली होती, वाजवलं त्यानं आपणहून. तरुण म्हणाला, वाजवायला लावलं. चित्रफितीवरून हा वाद मिटत नाही. ती एवढंच दाखवते की व्हायोलिन वाजलं, आणि पुढे जाण्याची परवानगी ऐकणाऱ्याच्या हातात होती.

या दप्तरातल्या उणिवाही नोंदवायला हव्यात. लिहिणाऱ्या इस्रायली, सैनिकाशी हिब्रूत बोलू शकत, पण अनेकींना अरबी येत नव्हतं. संध्याकाळी त्या घरी परतत, त्यामुळे नाका ओलांडल्यावर त्या माणसाचा दिवस कसा गेला हे कागदात नाही. बाईसमोर सैनिक जरा सांभाळून वागतो, म्हणजे बाई नसतानाचा नाका नोंदला गेलाच नाही. आणि गटातच वाद होता : फोन करून एखाद्याला सोडवून आणलं की आपण त्या माणसाला मदत करतो, की नाका सुसह्य करून टिकवतो? संस्थापकांपैकी एक, येहुदित केशेत यांचं या कामावरचं पुस्तक 2006 मध्ये आलं.

2009 मध्ये बैत इबाचा नाका उठला, 2011 मध्ये हुवाराचा. जेरुसलेम आणि रामल्ला यांच्यामधल्या कलंदिया नाक्यावर 2019 पासून चेहरा ओळखणारी यंत्रं आली. नकार तिथे पडद्यावर उमटतो. अडथळे मात्र कमी झाले नाहीत : 2025 च्या सुरुवातीला 'ओचा'ची मोजणी 849 वर होती.

म्हणून त्या जुन्या कागदांतलं 'आज विशेष काही नाही' पुन्हा वाचावं लागतं. त्या सकाळीही रांग होती, आणि कुणीतरी ती मोजली होती.