एकफलकी संगणकाचे प्रारंभण

प्रक्रियक, कार्यकारी स्मृती व बाह्य उपकरणांसाठी लागणारी जोडणी-द्वारे ही सर्व एकाच मंडल-फलकावर बसविलेल्या संगणकास एकफलकी संगणक म्हणतात. वीज सुरू केल्यापासून परिचालन प्रणाली संपूर्णपणे हाती सूत्रे घेईपर्यंत संगणकात ज्या क्रिया क्रमाने घडतात, त्यांना प्रारंभण किंवा रूढ भाषेत ‘बूट होणे’ अशी संज्ञा आहे. पूर्वी अशा संगणकाची परिचालन प्रणाली बहुधा नखाएवढ्या एसडी कार्डावर ठेवीत. पुढे ती यूएसबी द्वारास जोडलेल्या बाह्य घन-अवस्था संचयकावर, म्हणजे एसएसडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अर्धसंवाहक साठवण-साधनावर, ठेवण्याचा प्रघात पडला. हे स्थलांतर वरवर साधे दिसते. प्रत्यक्षात मात्र वीज लावल्यावर पडदा काळाच राहतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. असे का घडते, हे समजण्यासाठी प्रारंभणाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

प्रारंभणाच्या मुळाशी एक तार्किक पेच आहे. संगणक आज्ञावलीखेरीज काहीच करू शकत नाही. साठवण-साधनावरील आज्ञावली स्मृतीत आणण्याचे कामही आज्ञावलीनेच करावयाचे असते. आणि वीज लावतेवेळी स्मृती तर रिकामी असते. कितीही कुशल डोंबारी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा दृष्टांत भारतीय दर्शनग्रंथांत आढळतो. इंग्रजीत याच अर्थाने, आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला उचलण्याची कल्पना रूढ आहे. त्या पट्ट्यांना ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात व ‘बूट’ हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. या पेचावर आजवर एकच उपाय सापडला आहे : आज्ञावलीचा अगदी लहान अंश यंत्रातच कायमचा कोरून ठेवावयाचा, त्याने त्याहून मोठा अंश शोधून आणावयाचा आणि त्याने पुढचा. अशी ही साखळी असते व तिच्या प्रत्येक कडीला केवळ पुढची कडी कोठे सापडेल एवढेच ठाऊक असते.

इतिहास : केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेतील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. त्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक संच रचला होता. ‘आरंभिक आज्ञा’ या नावाचा हा संच दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या निवडक-स्विचांवर तारांनी पक्का केलेला असे. कळ दाबताच तो स्मृतीत उतरे आणि छिद्रित कागदी फितीवरील आज्ञावली वाचू लागे. त्याच वर्षी व्हीलर यांनी त्याची ४१ आज्ञांची सुधारित आवृत्ती तयार केली. प्रारंभणासाठी यंत्रात कायम बसविलेल्या आज्ञावलीचे हे आद्य उदाहरणांपैकी एक होय.

आयबीएमच्या १९५२ मध्ये जाहीर झालेल्या ७०१ या संगणकावर ‘लोड’ नावाची कळ होती. ती दाबल्यावर छिद्रित पत्रे, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय ढोल यांपैकी एका साधनावरील पहिला शब्द स्मृतीत येई व त्यातील आज्ञेपासून यंत्र काम सुरू करी. तीन साधनांपैकी कोणते निवडावयाचे, हे ठरविण्यासाठी एक स्वतंत्र स्विच होता. कोणते साधन आधी पाहावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून प्रारंभणास चिकटलेला आहे. तो आजही सुटलेला नाही, केवळ स्विचाच्या जागी अंकांची मालिका आली आहे.

लघुसंगणकांच्या काळात किंमत कमी राखण्यासाठी पुष्कळदा ही कायमची आज्ञावलीही गाळण्यात आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ (१९६५) या यंत्रावर सोळा-सतरा शब्दांचा प्रारंभक दर्शनी फलकावरील खटक्यांनी एकेक करून भरावा लागे. ऑल्टेर ८८०० (१९७५) या संगणकाचीही तीच गत होती. त्याच्यासाठी लिहिलेली बेसिक भाषा दाखविण्यास पॉल ॲलन विमानाने ॲल्बुकर्कीस निघाले असता, फीत वाचणारा प्रारंभकच लिहावयाचा राहिला असल्याचे त्यांच्या ध्यानात आले व तो त्यांनी विमानातच लिहून काढला. १९७६ मधील किम-१ या आरंभीच्या एकफलकी संगणकात मात्र देखरेख आज्ञावली २ किलोबाइटांच्या स्थायी स्मृतीत कायम बसविलेली होती. त्यामुळे वीज लावताच तो आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध होई.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी सादर झालेल्या आयबीएम वैयक्तिक संगणकातील ‘बायॉस’ ही स्थायी आज्ञावली प्रथम यंत्राची तपासणी करी, नंतर लवचिक तबकडीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड वाची व त्याच्या हाती नियंत्रण देई. तबकडी नसल्यास स्थायी स्मृतीतील बेसिक भाषा सुरू होई. पडदा काळा राहत नसे. साधन सापडले नाही तरी यंत्राने काहीतरी बोलावे, हा सौजन्याचा नियम पुढील अनेक स्वस्त यंत्रांनी पाळला नाही आणि वापरणाऱ्यांचे पुष्कळसे हाल त्यातूनच उद्भवले.

रास्पबेरी पाय : ज्या केंब्रिजमध्ये एडसॅक चालला, तेथील त्याच प्रयोगशाळेच्या (नंतरचे नाव संगणक प्रयोगशाळा) काही मंडळींच्या पुढाकाराने रास्पबेरी पाय प्रतिष्ठान स्थापन झाले. एबेन अप्टन हे त्यांतील प्रमुख होत. विद्यार्थ्यांना परवडेल असा त्यांचा एकफलकी संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याच्या बीसीएम २८३५ या संकलित मंडलातच प्रारंभणाची पहिली कडी कोरलेली आहे. गंमत अशी, की येथे प्रथम जागा होतो तो मुख्य प्रक्रियक नव्हे, तर चित्रे काढणारा विभाग. घरात आलेल्या पाहुण्याने दिवा लावून मग यजमानास उठवावे, तसा हा प्रकार आहे. हा विभाग एसडी कार्डाच्या पहिल्या विभाजनातून ‘बूटकोड’ वाचतो. बूटकोड कार्यकारी स्मृती चालू करून ‘स्टार्ट’ ही फाइल आणतो. ‘स्टार्ट’ मांडणीची फाइल व आज्ञारेषेची फाइल वाचून परिचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत ठेवते आणि त्यानंतरच मुख्य प्रक्रियक सुरू होतो.

एसडी कार्ड स्वस्त असले, तरी वारंवार होणाऱ्या बारीकसारीक लेखनाने ते झिजते. लेखन चालू असता वीज गेल्यास त्यावरील नोंदी बिघडू शकतात. मोजमापाच्या नोंदी रात्रंदिवस घेणाऱ्या किंवा शाळेतील फाइली सांभाळणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही जोखीम लहान नव्हे, विशेषतः जेथे वीज बेभरवशाची असते तेथे. घन-अवस्था संचयकाकडे लोक वळले ते या कारणाने. मिळणारा वेग हा दुसरा लाभ होय. परंतु पहिल्या प्रतिरूपातील कोरीव आज्ञावलीस यूएसबी संचयकावरून सुरू होणे ठाऊक नव्हते आणि कोरलेले बदलता येत नाही. म्हणून कार्डावर केवळ प्रारंभाच्या फाइली ठेवून बाकीची प्रणाली संचयकावर ठेवण्याची तडजोड रूढ झाली. ही तडजोड अजूनही निर्दोष चालते. जुन्या फलकांवर तीच करावी, हे उत्तम.

२०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या प्रतिरूपात यूएसबीवरून सुरू होण्याची क्षमता कोरण्यात आली, पण ती निद्रिस्त ठेवण्यात आली. मांडणीच्या फाइलीत एक ओळ लिहून एकदा यंत्र सुरू केले, की एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीतील एक बिंदू कायमचा बदले व ती क्षमता जागी होई. मात्र कोरीव आज्ञावली संचयकाच्या उत्तराची सुमारे २ सेकंदच वाट पाही. काही संचयक तेवढ्यात सज्ज होत नसत आणि ते सदोष आहेत, असा गैरसमज होई. मुदत ५ सेकंदांपर्यंत वाढविण्याची सोय होती, पण ती माहीत असणे आवश्यक होते. मार्च २०१८ मधील ‘तीन बी प्लस’ या फलकात ही क्षमता मुळातच जागी होती.

जून २०१९ मधील चौथ्या प्रतिरूपाने हा सर्व क्रम बदलला. त्यात यूएसबी ३ द्वारे पीसीआय एक्सप्रेस मार्गावरील एका स्वतंत्र मंडलाद्वारे जोडली होती. हे सारे हाताळण्याइतकी आज्ञावली प्रक्रियकात कोरणे अवघड होते. म्हणून बूटकोडाचे काम फलकावरील ५१२ किलोबाइटांच्या, पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या स्थायी स्मृतीकडे सोपविण्यात आले. याचा परिणाम दुहेरी झाला. फलक बाजारात आला तेव्हा तो यूएसबी संचयकावरून मुळीच सुरू होत नव्हता. तथापि मे २०२० मध्ये चाचणीसाठी आणि सप्टेंबर २०२० मध्ये सर्वांसाठी निघालेल्या नव्या आज्ञावलीमुळे आधी विकलेले फलकही ते काम करू लागले. कोरीव चुका जन्मभर सोसाव्या लागतात, तर लिहिता येणाऱ्या स्मृतीतील चुका दुरुस्त करता येतात. उलट ती स्मृती बिघडूही शकते. अशा वेळी दुरुस्तीची फाइल असलेल्या एसडी कार्डावरून ती पुन्हा लिहिता येते; काम यशस्वी झाल्यास हिरवा दिवा एकसारखा जलद लुकलुकतो.

दोष-शोधन : साखळीची कोणती कडी तुटली हे प्रथम ठरवावे, संचयक, केबल व प्रणाली एकदम बदलण्याने खरे कारण कळत नाही. हिरवा दिवा येथे उपयोगी पडतो. चार लुकलुकी म्हणजे ‘स्टार्ट’ फाइल सापडली नाही, सात म्हणजे गाभा सापडला नाही. चौथ्या प्रतिरूपापर्यंतच्या फलकांवर ‘स्टार्ट’ सुरू झाली, की पडद्यावर इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन उमटतो. चौकोन दिसून यंत्र तेथेच थांबले असेल, तर संचयक वाचला गेला आहे, हे निश्चित होते. दोष त्यापुढील कडीत, म्हणजे बहुधा गाभ्यात किंवा फलकास न जुळणाऱ्या जुन्या प्रणालीत, शोधावा.

चौकोनच न दिसल्यास साधनांचा क्रम तपासावा. चौथ्या प्रतिरूपात तो एका षोडशमान संख्येत लिहिलेला असतो व ती संख्या उजवीकडून डावीकडे वाचतात. ‘एफ४१’ या प्रचलित मूल्यात १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी संचयक आणि एफ म्हणजे पुन्हा आरंभापासून. २०२० च्या शरद ऋतूपूर्वीची आज्ञावली असलेल्या फलकावर प्रथम ती अद्ययावत करावी लागते, आणि त्यासाठी एकदा तरी कार्डावरूनच सुरुवात करावी लागते.

विजेचा अपुरेपणा हे सर्वांत दुर्लक्षित कारण होय. चौथ्या प्रतिरूपाच्या चारही यूएसबी द्वारांना मिळून १·२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. संचयक सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, विद्युत् दाब सुमारे ४·६३ व्होल्टच्या खाली जातो आणि पडद्यावर विजेचे चिन्ह झळकते. ते दिसल्यास आज्ञावलीत दोष शोधण्यात वेळ घालवू नये. स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या यूएसबी विस्तारकास संचयक जोडून पाहावा.

गाभा सुरू होऊन नंतर यंत्र अडखळत असेल किंवा कमालीचे संथ चालत असेल, तर संशय संचयकाच्या खोक्यातील रूपांतरक मंडलावर घ्यावा. यूएसबीच्या जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा पाठविली जाते. ‘यूएएस’ या नव्या पद्धतीत अनेक आज्ञा रांगेत ठेवता येतात. काही स्वस्त रूपांतरके आपण नवी पद्धत जाणतो असे सांगतात, परंतु प्रत्यक्षात ती नीट पाळीत नाहीत. आज्ञारेषेच्या फाइलीत त्या रूपांतरकाचा ओळख-क्रमांक देऊन गाभ्यास जुनीच पद्धत वापरण्यास सांगता येते. वेग थोडा घटतो, पण यंत्र चालते. ही फाइल एकाच ओळीत असावी लागते. मजकूर दोन ओळींत तुटल्यास दुसरी ओळ वाया जाते व नवीनच दोष उत्पन्न होतो. निदानासाठी संचयक काळ्या रंगाच्या यूएसबी २ द्वारास जोडून पाहणे ही सोपी कसोटी होय. तेथे तो चालला, तर दोष निळ्या, जलद द्वाराच्या वाटेवर आहे, असे समजावे.

जलद द्वारांचा आणखी एक उपद्रव आहे. यूएसबी ३ च्या केबलमधून होणाऱ्या प्रेषणामुळे २·४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. संचयक जोडल्यावर प्रणाली सुरू होते, पण बिनतारी जाळे नाहीसे होते. मग पडद्याविना दूरवरून चालविलेले यंत्र ‘सुरूच झाले नाही’ असे वाटते. चांगले आवरण असलेली केबल वापरून संचयक फलकापासून दूर ठेवल्यास बहुधा भागते.

सर्वांत फसवा दोष जुळ्यांचा. कार्डाची हुबेहूब प्रत संचयकावर उतरविली, तर विभाजनांचे ओळख-क्रमांकही हुबेहूब उतरतात. दोन्ही साधने जोडलेली असता गाभा त्यांपैकी कोणते उचलील, याचा नेम नसतो. महिनोन्‌महिने संचयकावर चालत असल्याची समजूत झालेले यंत्र वस्तुतः कार्डावरच चालत असते, आणि कार्ड झिजून निकामी झाले की नोंदीही त्याच्याबरोबर जातात. म्हणून प्रत काढल्यानंतर कार्ड काढून घ्यावे, यंत्र पुन्हा सुरू करावे व मूळ विभाजन कोठून आले आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाचव्या प्रतिरूपात ‘स्टार्ट’ फाइलीचे कामही फलकावरील स्थायी स्मृतीत सामावले गेले आणि इंद्रधनुष्यी चौकोन नाहीसा झाला. या फलकास पीसीआय एक्सप्रेस मार्गाने घन-अवस्था संचयक थेट जोडता येत असल्याने रूपांतरकाची अडचण टळते. यूएसबी संचयकाच्या बाबतीत मात्र वीजपुरवठा ५ अँपिअरचा नसल्यास यूएसबी द्वारांचा एकत्रित प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर मर्यादित केला जातो. अशा स्थितीत यंत्र यूएसबी संचयकावरून आपोआप सुरू न होता पडद्यावर तशी सूचना देते आणि फलकावरील वीज-कळ दाबली जाण्याची वाट पाहते.