चित्रपट आणि बालपणीचे भय : दोन प्रकारच्या साधनांचा विचार

१

लहानपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाने मनात बसविलेले भय हा विषय प्रथमदर्शनी खासगी, किंबहुना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. प्रौढ मनुष्य त्याचा उल्लेख करतो तो बहुधा हसत. आणि हसण्यावारी नेलेली गोष्ट इतिहासकाराच्या दृष्टीतून सहज निसटते. परंतु चित्रपटाला घाबरणारे मूल ही विसाव्या शतकातील एक महत्त्वाची सार्वजनिक व्यक्तिरेखा होती, हे विसरता येणार नाही. तिच्या नावाने कायदे झाले, प्रमाणपत्रांचे वर्ग पडले, पट कापले गेले आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत उपकरणे मांडली गेली. ह्या सर्व खटाटोपात मुलाला नेमके कशाचे भय वाटते हे कोणी ठरविले, कोणत्या पुराव्यावर ठरविले, आणि तीच मुले मोठी झाल्यावर त्यांनी दिलेली साक्ष त्या निर्णयांशी कितपत जुळते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ह्यासंबंधीची साधने ब्रिटन व अमेरिका ह्या दोन देशांत विशेष विपुल असल्यामुळे विवेचन मुख्यतः त्यांच्यापुरते मर्यादित ठेवले आहे. आपल्याकडील व्यवस्थेचा त्यांच्याशी येणारा संबंध शेवटी पाहू.

२

प्रथम शासकीय व अर्धशासकीय साधनांचा विचार करू. ब्रिटनमधील चित्रपट सेन्सॉर मंडळ १९१२ साली चित्रपट-व्यवसायानेच स्थापन केले व १९१३ पासून त्याचे काम सुरू झाले. आरंभी त्याची प्रमाणपत्रे दोनच होती : सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांस अधिक योग्य अशा चित्रपटांसाठी ‘ए’. पुढे १९२० नंतरच्या दशकात सोळा वर्षांखालील मुलांनी ‘ए’ चित्रपट पालकांच्या सोबतीनेच पाहावा, असा निर्बंध स्थानिक अधिकारिणींनी घालण्यास सुरुवात केली. ह्या व्यवस्थेत भय हा स्वतंत्र प्रकार नव्हता. तो निर्माण झाला बोलपटाच्या आगमनानंतर. ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही अमेरिकन बोलपट १९३१ चे. त्यांच्यामागोमाग तशाच चित्रपटांची रांग लागली, आणि १९३२ साली ब्रिटिश मंडळाने ‘एच’, म्हणजे भयंकर, हा शेरा योजिला. आरंभी तो केवळ सूचनावजा होता. १९३७ मध्ये त्याला स्वतंत्र प्रमाणपत्राचे रूप मिळाले व सोळा वर्षांखालील मुलांना अशा चित्रपटांस मज्जाव झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, अशा चित्रपटांना प्रमाणपत्र देणेच थांबविण्यात आले. पुढे १९५१ साली ‘एच’ वर्ग ‘एक्स’ ह्या व्यापक वर्गात विलीन झाला.

ह्या इतिहासातून सेन्सॉर मंडळाचे एक गृहीतक स्पष्ट होते. भय हा चित्रपटाच्या विषयाचा गुण आहे, आणि राक्षस, प्रेत, रक्तपिपासू उमराव असे विषय वेगळे काढले की भयही वेगळे निघते, असे ते गृहीतक होय. परंतु त्याच काळातील दोन उदाहरणे त्याच्या मर्यादा दाखवून देतात.

पहिले उदाहरण ‘फ्रँकेन्स्टाइन’चेच आहे. ह्या चित्रपटात एक लहान मुलगी तळ्याकाठी त्या कृत्रिम मानवाशी निर्भयपणे खेळते. पाण्यावर फुले तरंगविण्याच्या खेळाचा चुकीचा अर्थ लावून तो तिलाच पाण्यात टाकतो. हे दृश्य अमेरिकेतील काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांनी कापले, आणि पुढे अनेक दशके चित्रपट ह्या तुकड्यावाचूनच दाखविला गेला. १९८० नंतरच्या दशकात तो पुन्हा जोडण्यात आला. मधल्या काळातील प्रेक्षकास दिसत असे ते इतकेच : राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि नंतर तिचा बाप तिचे कलेवर उचलून गावातून चालत येतो. मूळ दृश्यातील अपघात व राक्षसाची स्वतःची भांबावलेली अवस्था ही दोन्ही गाळली गेल्यामुळे उरलेली जागा प्रेक्षकाच्या कल्पनेने भरून काढावयाची होती, आणि ती कल्पना मूळ घटनेहून अधिक भीषण असण्याचीच शक्यता होती. भय कमी करण्यासाठी चालविलेल्या कात्रीने भयाला अधिक वाव करून दिला, असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ ह्या डिस्नेच्या चित्रपटाचे. डिसेंबर १९३७ मध्ये अमेरिकेत प्रथम दाखविलेला हा व्यंगचित्रपट मुलांचा म्हणूनच ओळखला जातो. तरीही १९३८ साली ब्रिटिश मंडळाने त्यास ‘यू’ न देता ‘ए’ प्रमाणपत्र दिले. राणीचे जख्ख चेटकिणीत होणारे रूपांतर आणि रात्रीच्या अरण्यात झाडांच्या फांद्यांचे होणारे हात ही दृश्ये पाहिली, म्हणजे ह्या निर्णयात अगदीच तथ्य नव्हते असे वाटत नाही. मुलांसाठी निवडलेल्या कथेतच मुलांना घाबरविणारे द्रव्य आहे, हे मंडळाला येथे मान्य करावे लागले. तथापि ह्या अनुभवाने मूळ गृहीतकात बदल झाल्याचे दिसत नाही.

३

दुसऱ्या प्रकारची साधने म्हणजे खुद्द बालप्रेक्षकांची साक्ष. ती पद्धतशीरपणे गोळा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत पेन फंडाच्या साहाय्याने १९२९ ते १९३२ ह्या काळात झाला. त्यातील ग्रंथ १९३३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ह्या मालेतील काही अभ्यास यंत्रांच्या मदतीने केलेले होते. ओहायो राज्यातील एका प्रयोगात मुलांच्या खाटांना उपकरण जोडून चित्रपट पाहिल्यानंतरच्या रात्री ती झोपेत किती हालचाल करतात हे मोजले गेले. दुसऱ्या एका अभ्यासात चित्रपट चालू असताना बोटांच्या त्वचेतील विद्युत्प्रतिसाद मोजण्यात आला, आणि धोक्याच्या दृश्यांना लहान मुलांचा प्रतिसाद मोठ्यांहून तीव्र असल्याचे आढळले. झोपेवरील परिणाम मात्र सर्व मुलांत व सर्व चित्रपटांच्या बाबतीत सारखा दिसला नाही.

हर्बर्ट ब्लूमर ह्या समाजशास्त्रज्ञाने निराळा मार्ग स्वीकारला. त्याने विद्यार्थ्यांकडून त्यांची ‘चित्रपटविषयक आत्मचरित्रे’ लिहवून घेतली आणि शाळकरी मुलांना प्रश्नही विचारले. आपण चित्रपट पाहून कधी ना कधी घाबरलो होतो, असे त्यांपैकी ९३ टक्के मुलांनी सांगितले. ह्या आकड्याचा उपयोग मात्र जपून केला पाहिजे. त्याच वर्षी हेन्री जेम्स फोरमन ह्याने ह्या संशोधनाचा गोषवारा सामान्य वाचकांसाठी लिहिला; त्यात मूळ अभ्यासांतील सावधगिरी बरीचशी गळून पडली आणि चित्रपटाने पिढी बिघडत असल्याचा सूर तेवढा वर आला. १९३७ मध्ये मॉर्टिमर ॲडलर ह्याने ह्या संपूर्ण संशोधनावर कडक टीका केली. घाबरल्याची कबुली आणि इजा झाल्याचा पुरावा ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हा भेद त्या वादाच्या गदारोळात फारसा कोणी पाळला नाही.

४

पुढील अर्धशतकात ह्या साक्षीत भर पडली ती प्रौढांच्या आठवणींची. क्रिस्टन हॅरिसन व जोॲन कँटर ह्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्यांच्या पूर्वीच्या भयाविषयी लिहावयास सांगितले होते. सुमारे ९० टक्क्यांनी असा अनुभव नोंदविला, आणि सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थ्यांच्या मनात त्याची बाधा त्या वेळीही शिल्लक होती. कँटर ह्यांच्या संग्रहातील ह्या आठवणींचे स्वरूप विशेष लक्षणीय आहे. ‘जॉज’ (१९७५) हा समुद्रातील शार्कविषयीचा चित्रपट. परंतु तो पाहिलेल्या काहींना नंतर तळ्यात किंवा पोहण्याच्या तलावातही उतरवेना. ‘पोल्टरगाइस्ट’ (१९८२) पाहिलेल्यांच्या मनात भीती राहिली ती विदूषकाच्या बाहुलीची, झाडांची आणि दूरचित्रवाणी संचाची. भुते पडद्यावर राहिली. भय घरातील वस्तूंत उतरले.

वयाचा प्रश्नही ह्या संशोधनाने निराळ्या स्वरूपात मांडला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेतील सज्जन नायक संकटप्रसंगी हिरव्या अजस्र देहात बदलतो व दुर्बलांचे रक्षण करतो. मोठ्या मुलांना ह्यात दिलासा वाटे. शाळेत न जाणारी लहान मुले मात्र त्या रूपांतरालाच घाबरत. उलट अणुयुद्धाचे चित्रण करणारा ‘द डे आफ्टर’ (१९८३) दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, तेव्हा सर्वांत लहान मुले सर्वांत कमी आणि पालक सर्वांत अधिक अस्वस्थ झाले. लहान मूल घाबरते ते दिसणाऱ्या रूपाला. प्रौढ घाबरतो तो घडू शकणाऱ्या गोष्टीला. सेन्सॉर मंडळाची खुर्ची प्रौढाची असल्यामुळे ही तफावत निर्णयांत कशी शिरली असेल, ह्याची कल्पना करता येईल.

केवळ समजुतीने हे भय जात नाही, हेही एका घटनेवरून दिसते. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मध्ये दुष्ट चेटकिणीचे काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन ह्यांनी १९७५ साली फ्रेड रॉजर्स ह्यांच्या बालकार्यक्रमात येऊन हे सारे सोंग आहे, हे मुलांना पोशाख चढवून समजावून दिले. पुढल्याच वर्षी त्या ‘सेसमी स्ट्रीट’ ह्या कार्यक्रमात त्याच भूमिकेत अवतरल्या, तेव्हा मुले घाबरल्याच्या पालकांच्या तक्रारी आल्या व तो भाग पुन्हा दाखविण्यात आला नाही.

५

आठवण हे साधन निर्दोष नव्हे. ती उशिरा सांगितली जाते, सांगताना घडविली जाते, आणि पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींची तीत सरमिसळ होते. ॲनेट कून ह्यांनी १९३० नंतरच्या दशकातील ब्रिटिश प्रेक्षकांच्या मुलाखती घेऊन २००२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कथानकापेक्षा चित्रपटगृह, सोबतची माणसे व जाण्यायेण्याची वाट ह्यांच्याच आठवणी लोकांपाशी अधिक असतात, असे त्यात दिसून येते. म्हणून आठवणीवरून पडद्यावर काय होते हे सिद्ध करावयास जाऊ नये. परंतु पडद्यावरील गोष्ट मुलाच्या जगात कोठे जाऊन बसली, हे सांगणारे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. दफ्तरात प्रमाणपत्राची तारीख सापडते. तळ्यात न उतरणारा मनुष्य दफ्तरात सापडत नाही.

आपल्या देशात १९१८ च्या कायद्याने चित्रपटांना प्रमाणपत्राची अट आली, ‘यू’ व ‘ए’ हा भेद १९४९ च्या दुरुस्तीने आला, १९८३ मध्ये ‘यूए’ वर्गाची भर पडली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षे असे वयानुसार तीन पोटविभाग झाले. वयाचे भेद असे सूक्ष्म करीत जाणे हे एका अर्थी उपरोक्त संशोधनाशी सुसंगतच आहे. तथापि कोणत्या वयाला कशाचे भय वाटते ह्याचे उत्तर ब्रिटिश वा अमेरिकन मुलांच्या साक्षीवरून उसने घेता येणार नाही. ज्या मुलाने भुताची गोष्ट आजीच्या तोंडून आधी ऐकलेली असते आणि जे चार भावंडांच्या मध्ये झोपते, त्याचे भय निराळ्या वाटेने जात असले पाहिजे. येथील चित्रपटगृहांत व घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर घाबरलेली मुले आज प्रौढ किंवा वृद्ध झालेली आहेत. त्यांची साक्ष त्यांच्या हयातीतच घेता येईल. विद्यापीठीन संशोधकांनी हे काम हाती घेतल्यास आपल्या चित्रपटेतिहासातील एक अबोल प्रेक्षक बोलता होईल, आणि त्याच्या नावाने आजवर झालेले निर्णय त्याच्याच शब्दांवर तपासून पाहता येतील.