डॉ. जेरुशा झिराड आणि आमच्या सुइणी

आम्ही राहतो त्या पार्सिपनीहून रोझेल गाव मोटारीने तासाच्या आत आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी तिथे येऊन राहिल्या, पुढे फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. इथल्या मराठी मंडळींना ही हकीकत तोंडपाठ असते. आमच्या ज्ञातीच्या डॉ. जेरुशा झिराड मात्र आमच्याच नातवंडांना ठाऊक नाहीत.

शिमोग्याला जन्मलेल्या जेरुशाबाई १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या. १९२८ ते १९४७ त्या मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. त्या जागेवर बसलेल्या पहिल्या हिंदी बाई. मुंबईत बाळंतिणी का दगावतात, याची त्यांनी कसून चौकशी केली. तो अहवाल १९४१ साली छापला गेला.

हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला शिवू नये, नाळेची कात्री उकळावी, रक्त थांबेना तर वेळ न दवडता इस्पितळात न्यावे, एवढे सुइणीला शिकवले तरी जीव वाचतात. कोकणात आमची थोरली आत्या बाळंतरोगाने गेली. सुईण मायाळू होती, अर्धे गाव तिच्याच हातचे. पण हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. तिला बोल लावणे आम्हांला जमत नाही. (तोरेत शिफ्रा आणि पुआ या सुइणींची नावे आहेत, फारोचे नाही!)

१९५० साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाच्या जेरुशाबाई पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९६६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. आईने ती बातमी कापून सिद्दूरमध्ये ठेवली. कागद पिवळा पडला आहे, पण अजून तिथेच आहे.