रणांगणाबाहेरचे शौर्य : ‘रोम, खुले शहर’ आणि त्यामागची खरी माणसे

१/१४
दि. ३ मार्च १९४४. रोममधील व्हियाले जूलिओ चेझारे या रस्त्यावरील लष्करी बराकीसमोर स्त्रियांचा जमाव दाटला होता. जर्मनांनी धरपकड करून सक्तीच्या मजुरीसाठी पकडलेली त्यांच्या घरची माणसे आत कोंडलेली होती. त्या जमावात तेरेसा गुलाचे होती. पाच मुलांची आई आणि पुन्हा गरोदर. पतीजवळ पोहोचण्यासाठी ती पुढे सरसावली. एका जर्मन सैनिकाने गोळी झाडली आणि तेरेसा कोसळली.

२/१४
सप्टेंबर १९४५ मध्ये रोबेर्तो रोस्सेलिनी यांचा ‘रोम, खुले शहर’ हा चित्रपट रोममध्ये प्रदर्शित झाला. त्यातील पीना ही गरोदर विधवा आपल्या नियोजित वराला घेऊन निघालेल्या ट्रकमागे धावते आणि गोळी लागून रस्त्यावर पडते. हे दृश्य तेरेसाच्या मृत्यूवर बेतलेले होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो इतिहास नव्हता; जेमतेम दीड वर्षापूर्वीची आठवण होती.

३/१४
चित्रपटाच्या नावातच उपहास आहे. ‘खुले शहर’ म्हणजे ज्याचे लष्करी संरक्षण केले जाणार नाही आणि म्हणून ज्यावर हल्ला होऊ नये असे शहर. इटलीने १४ ऑगस्ट १९४३ रोजी रोमला तसे घोषित केले. ८ सप्टेंबरला दोस्त राष्ट्रांशी झालेली युद्धबंदी जाहीर झाली आणि अवघ्या दोन दिवसांत जर्मन सैन्याने शहर ताब्यात घेतले. तेथून ४ जून १९४४ पर्यंत, सुमारे नऊ महिने, रोम कोणासाठीही खुले नव्हते.

४/१४
या नऊ महिन्यांत शहरात आघाडी अशी नव्हतीच. युद्ध स्वयंपाकघरात, जिन्यात, पावाच्या दुकानासमोरच्या रांगेत आणि चर्चच्या तळघरात चालले होते. कोणाला आसरा द्यायचा, कोणाला खोटी ओळखपत्रे द्यायची, दारावर थाप पडली की काय उत्तर द्यायचे, हे निर्णय ज्यांना घ्यावे लागले त्यांनी युद्धाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते.

५/१४
चित्रपटातील धर्मगुरू फादर पिएत्रो हे पात्र दोन खऱ्या धर्मगुरूंच्या जीवनातून घडले आहे. त्यांपैकी फादर ज्युझेप्पे मोरोझिनी यांनी भूमिगत प्रतिकार चळवळीला शस्त्रे मिळवून देण्यात साहाय्य केले. जानेवारी १९४४ मध्ये ते पकडले गेले आणि ३ एप्रिल रोजी ब्राव्हेत्ता किल्ल्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा ते अवघ्या एकतीस वर्षांचे होते.

६/१४
दुसरे फादर पिएत्रो पाप्पागाल्लो. जर्मनांपासून लपणाऱ्या सैनिकांना व ज्यूंना ते आसरा आणि खोटी ओळखपत्रे देत. विश्वासघाताने ते पकडले गेले आणि व्हिया तास्सो येथील एस.एस.च्या तुरुंगात डांबले गेले. २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतीने येथील गुहांत जर्मनांनी ३३५ जणांची हत्या केली. पाप्पागाल्लो त्यांपैकी एक होते.

७/१४
त्या हत्याकांडाचे निमित्त आदल्या दिवशीचे होते. व्हिया राझेल्ला येथे भूमिगतांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात ३३ जर्मन पोलीस ठार झाले होते. एकास दहा असा सूड ठरला. मोजदादीत पाच माणसे अधिक आली आणि तीही मारली गेली. ज्यांना ओढून नेले त्यांच्यापैकी कोणालाही त्या हल्ल्यासाठी दोषी ठरवण्यात आलेले नव्हते.

८/१४
रोस्सेलिनी यांनी चित्रीकरण सुरू केले ते जानेवारी १९४५ मध्ये. रोम मुक्त झाले होते, पण उत्तर इटलीत युद्ध धुमसतच होते. चिनेचित्ता हा मोठा स्टुडिओ उपलब्ध नव्हता, कच्च्या फिल्मची टंचाई होती. चित्रण आवाजाविना झाले आणि संवाद नंतर भरले गेले. पटकथेत सेर्जो आमिदेई आणि तरुण फेदेरिको फेलिनी यांचा हात होता.

९/१४
भूमिकांची निवडही अनपेक्षित होती. फादर पिएत्रो साकारणारे आल्दो फाब्रित्झी विनोदी नट म्हणून ओळखले जात, तर पीना साकारणाऱ्या आन्ना मान्यानी यांनी गाण्या-विनोदाचा रंगमंच गाजवला होता. झडतीच्या प्रसंगी तर फादर बॉम्ब लपवण्यासाठी आजारी म्हाताऱ्याला अंत्यसंस्काराचे मंत्र देण्याचे सोंग करतात आणि तो ऐकेना तेव्हा त्याच्या डोक्यात तवा हाणतात! काही मिनिटांतच पीनाला गोळी लागते. हसणारा प्रेक्षक सावरण्यापूर्वीच सगळे संपलेले असते.

१०/१४
पीनाच्या मृत्यूने काय साधले? काहीही नाही. तिच्या नियोजित वराची सुटका होते, पण ती थोड्याच वेळाने भूमिगतांनी ट्रकवर केलेल्या हल्ल्यामुळे. नायिका कथेच्या मध्यावरच जाते आणि तिच्या बलिदानाचा हिशेब कोठेच जुळत नाही. प्रचारपटांतील हुतात्म्याच्या रक्तातून विजय उगवतो. येथे मागे उरतो तो केवळ आईच्या देहावर आक्रोश करणारा तिचा मुलगा. चित्रपटाचे सत्य या न जुळणाऱ्या हिशेबातच आहे.

११/१४
सैनिकाच्या शौर्याची नोंद ठेवणारी व्यवस्था असते. रोम मुक्त झाल्यानंतर पाच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, त्याच तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली आणि प्राण वेचले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पाच मुलांच्या आईने बराकीसमोर टाकलेल्या पावलाची नोंद कोणत्या पलटणीने ठेवायची? ती एका चित्रपटाने ठेवली. तेरेसाला इटलीचे नागरी सुवर्णपदक मिळाले ते १९७७ साली.

१२/१४
मात्र चित्रपटाची नोंदवही अपुरी असते. जगाला पीना ठाऊक झाली, तेरेसाचे नाव मागे पडले. त्याहून मोठी उणीव अशी की १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधून पकडून हजाराहून अधिक ज्यूंना आउश्वित्झला पाठवले गेले आणि त्यांतून फक्त १६ जण परतले. ही घटना चित्रपटात येत नाही. सप्टेंबर १९४३ पर्यंत इटली स्वतः जर्मनीची मित्र होती, याचीही आठवण तेथे पुसट आहे.

१३/१४
याची कारणे त्या काळात शोधावी लागतात. वीस वर्षांच्या फॅसिस्ट राजवटीनंतर देशाला आरशात पाहण्याजोगा चेहरा हवा होता आणि कम्युनिस्ट व धर्मगुरू खांद्याला खांदा लावून लढताना दाखवणाऱ्या या चित्रपटाने तो दिला. पीना आणि फादर पिएत्रो यांचे धैर्य खरे होते. परंतु सारे शहर त्यांच्यासारखे होते असे मानणे खरे नव्हे. पाप्पागाल्लो यांना पकडून देणाराही त्याच शहरात वावरत होता. सर्वच जण शूर असते, तर या मोजक्यांच्या धैर्याला मोल ते काय राहिले असते?

१४/१४
चित्रपटाला १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मान इतर काही चित्रपटांसमवेत मिळाला. १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही तो दाखवला गेला. व्हिया तास्सोच्या ज्या इमारतीत पाप्पागाल्लो बंदिवासात होते, तेथे आज संग्रहालय आहे. कोठड्या जतन केल्या आहेत आणि भिंतींवर कैद्यांनी कोरलेली अक्षरे अजून वाचता येतात. चित्रपट पाहिल्यावर ती अक्षरेही वाचावीत. पडद्यावर ज्यांना पात्र मिळाले नाही, त्यांनी आपली नोंद तेथे स्वतःच्या हाताने करून ठेवली आहे.