दुखणं खरं, आणि मनही खरं



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी मला दारातच गाठलं. म्हणाल्या, "सर, चौदा वर्षं कंबर दुखतेय. आता डॉक्टर म्हणतात, मानसोपचार घेऊन बघा. म्हणजे मी नाटक करते, असंच ना?"

तो स्वर माझ्या ओळखीचा आहे. माझाही मणका गेली अकरा वर्षं कुरकुरतोय. एका डॉक्टरांनी, नाव कशाला घ्यायचं, फिल्म उजेडाकडे धरली आणि सांगितलं, "यात काही नाही. मनातून काढून टाका." परत येताना एसटीत मला दुखण्यापेक्षा त्या वाक्याचाच त्रास जास्त झाला. त्या ताईंना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. पण इतिहासाच्या वाटेनं, आणि तीही आपल्याच सातारा-सांगलीतून जाणारी.

१९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल एअर सॅनेटोरियम काढलं. इकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं. पुढे मिरज आणि सांगली यांच्या मधे, त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयाचं वेगळं रुग्णालय उभं राहिलं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं, हे लक्षात घ्या. कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी, तापाचा तक्ता. संपली यादी. रोगी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहायचा.

मग डॉक्टर करायचे काय? ते रोग्याच्या वेळेला आकार द्यायचे. उठायचं कधी, पडून राहायचं किती, फिरायचं किती, सगळं ठरलेलं. इंग्लंडात फ्रिमलीच्या सॅनेटोरियममध्ये डॉ. मार्कस पॅटर्सन यांनी तर याची शिडीच केली होती. आधी थोडं चालणं, मग हलकी टोपली उचलणं, मग बागेतलं काम, मग फावडं. आज जमतंय म्हणून उद्याचं काम आज करायचं नाही. ही पायरी-पायरीची कल्पना ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता, सॅनेटोरियमचे गोडवे गायला मी आलेलो नाही. क्षय म्हटलं की घरातलं ताट-वाटी वेगळी व्हायची, लग्नं मोडायची. गरिबाला तिथली खाट मिळणं मुश्कील. आणि वर्षभरानं परत आलेल्या माणसाकडे गाव कसं बघायचं, हे आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेलं आहे. पण एक गोष्ट त्या जागेला कळली होती. लांबलेला आजार फक्त फुप्फुसात राहत नाही. तो माणसाचा दिवस खातो, उद्याचा भरवसा खातो. त्याचीही काळजी घ्यावी लागते.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५९ साली मद्रासच्या केंद्रानं दाखवून दिलं, की औषधं घेणारा रोगी घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो. जगभराच्या क्षयोपचाराची दिशा या भारतीय अभ्यासानं बदलली. खाटा उठल्या, आणि उठायलाच हव्या होत्या. पण आंघोळीच्या पाण्याबरोबर बादलीही गेली असं मला वाटतं. औषधानं जो आजार जातो त्याचं भलं झालं. जो जात नाही त्याचं काय? संधिवात, मणका, मधुमेहानं जळणारे तळपाय. त्या माणसाच्या हातात उरली एक चिठ्ठी : गोळ्या घ्या, महिन्यानं या.

याच्या मुळाशी एक जुनं तत्त्वज्ञान आहे, आणि तो माझा प्रांत, म्हणून थोडं सांगतो. सतराव्या शतकात देकार्तनं वेदनेचं चित्र काढलं ते देवळातल्या घंटेसारखं. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते. पाय भाजला, दोरी ओढली गेली, मेंदूत घंटा वाजली. हे चित्र मानलं तर दोरीत बिघाड सापडला नाही की घंटा खोटी ठरते! "यात काही नाही" हे वाक्य तिथून येतं.

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी हे चित्र मोडलं. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे, असं त्यांनी मांडलं. खालून येणारा संदेश तिथे कमी-जास्त होतो, आणि वरून मेंदूही ते फाटक उघडतो-लोटतो. भीती, लक्ष, जुना अनुभव, सगळ्याचा त्यात हात. त्यांच्या सिद्धांताचा तपशील पुढे बदलला, पण मुद्दा टिकला. मन वेदना बनवून सांगत नाही. वेदना घडते त्या कारखान्यात मनही कामाला असतं.

मग उपचार कसा? अमेरिकेत सिअ‍ॅटलला विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी पाहिलं, की दुखणाईत माणूस बऱ्या दिवशी सगळं उरकून घेतो. आपल्याकडे तेच. जरा बरं वाटलं की माळा साफ, गहू चाळून डबे भरून टाकायचे, आणि मग तीन दिवस अंथरुणात. हळूहळू बरे दिवस कमी, अंथरूण जास्त. फोर्डाइस म्हणाले, दुखेपर्यंत काम करू नका, ठरल्याइतकं करा. बऱ्या दिवशी तेवढंच, वाईट दिवशीही शक्यतो तेवढंच. मग थोडं थोडं वाढवा. ओळखलंत ना? पॅटर्सनच्या टोपलीची आठवण यावी असंच आहे हे.

दुसरा धागा विचारांचा. एपिक्टेटस हा रोमन काळातला तत्त्वज्ञ, आधी गुलाम, पायानं अधू. माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलची त्याची समजूत जास्त छळते, ही त्याची शिकवण अल्बर्ट एलिस यांनी विसाव्या शतकात उपचारात आणली. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोचवली. "दुखतंय" हे सत्य आहे. "दुखतंय, म्हणजे आता माझं सगळं संपलं" हे अनुमान आहे. उपचार त्या अनुमानाचा करायचा.

हे जादूचं औषध नाही, हेही सांगतो. २०२० मध्ये कॉक्रेननं या उपचारांच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. वर्तन आणि विचारांवर काम करणाऱ्या उपचारानं वेदना, अडलेली कामं आणि मनस्ताप, तिन्हींत फरक पडतो, पण थोडा, असं त्यात निघालं. थोडा म्हणजे किती? नातवाच्या शाळेपर्यंत चालत जाता येणं, एवढा असेल. ज्याला ते येत नव्हतं, त्याला विचारा.

आता परत घरी येऊ. त्याच पाचगणीच्या बेल एअरनं पुढे एचआयव्हीच्या रुग्णांना आपलं म्हटलं. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्था काम करते आहे, आणि तिथे ज्यांच्यावर आजाराचा शिक्का बसला त्याच बाया एकमेकींना आधार देत उभ्या राहिल्या. २००४ पासून सरकारनं एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि जीवघेणा रोग सांभाळून जगायचा आजार झाला. या कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यात एक खुर्ची आणली, समुपदेशकाची. तपासणीच्या आधी बोलणारा, नंतर बोलणारा, गोळ्या का चुकल्या हे न रागावता विचारणारा पगारी माणूस. सॅनेटोरियमबरोबर जे हरवलं होतं, त्यातलं थोडं असं मागच्या दारानं परत आलं.

माझा प्रश्न साधा आहे. ही खुर्ची एका रोगासाठी ठेवता येते, तर संधिवाताच्या रांगेत का नाही? चाळीस वर्षं उसात वाकून पाठ मोडलेल्या बाईसाठी का नाही? तिच्या दुखण्याला तर कुणी आजारही म्हणत नाही. "वयच झालं" म्हणतात.

तर त्या ताई आज आल्या असतील तर त्यांना सांगतो. ताई, तुम्ही नाटक करत नाही. मानसोपचार घ्या म्हणणारा डॉक्टर तुमची कंबर नाकारत असेल, तर त्याला तसं तोंडावर विचारा. पण तो गोळ्या, व्यायाम आणि हे, असं तिन्ही मिळून सुचवत असेल, तर तो तुमच्या दुखण्याला पूर्ण मानतोय. अर्धं मानणारे आपल्याला पुष्कळ भेटले.

मी स्वतः रोज वीस मिनिटं चालतो. बऱ्या दिवशीही वीसच. एकविसावं मिनिट चालायचा मोह होतो, तो आवरणं हीच माझी सध्याची साधना. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.