पाठुंगळीच्या वाघिणी

मालमोटार आणि आगगाडी यांचे वैर जगजाहीर आहे. आगगाडी लांबच्या पल्ल्याला स्वस्त, पण गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत ती जाऊ शकत नाही. मालमोटार दारात जाते, पण हजार मैलांच्या प्रवासात तिचे इंधन आणि चालकाचे वेतन जड पडते. या दोहोंची सांगड घालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. मालाने भरलेला ट्रेलर सपाट वाघिणीवर चढवावा आणि रेल्वेने त्याला पाठुंगळी घेऊन न्यावे, अशी ही कल्पना होती. तिचा इतिहास हा बव्हंशी वजनाशी केलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

कल्पनेचे मूळ सर्कशीत सापडते. १८७२ साली बार्नमची सर्कस रेल्वेने फिरू लागली, तेव्हा तिचे गाडे एका टोकाच्या उतरंडीवरून चढवून, वाघिणींमध्ये फळ्या टाकून, ओळीने पुढे ढकलीत नेत. पुढे १९३६ साली शिकागो ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ट्रेलरांची नियमित वाहतूक सुरू केली, तीही याच रीतीने. १९५४ साली आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या निर्णयाने कायद्याच्या पुष्कळशा शंका दूर झाल्या आणि १९५५ साली वाघिणींचा सामाईक साठा बाळगण्यासाठी ट्रेलर ट्रेन कंपनी स्थापन झाली. १९५६ साली तेथील सरकारने महामार्गांचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे रेल्वेकंपन्यांना आता स्वस्थ बसून चालण्यासारखे नव्हते.

प्रथम ७५ फुटी, मग ८५ आणि शेवटी ८९ फुटी वाघिणी आल्या. ८९ फुटी वाघिणीवर ४० फुटी दोन ट्रेलर मावत. पण अशा वाघिणीचे स्वतःचे वजन ३० टनांहून अधिक असे. दोन रिकाम्या ट्रेलरांचे दहा-बारा टन त्यात मिळवले आणि प्रत्येक ट्रेलरात वीस टन माल धरला, तर ४० टन मालासाठी तितकेच लोखंड, लाकूड व रबर ओढावे लागे. ट्रेलरची रस्त्यावर उपयोगी पडणारी चाके रुळांवर निव्वळ ओझे होत. माल हलका असला तर नाकापेक्षा मोती जड हा न्याय अक्षरशः लागू पडे. डिझेल स्वस्त होते तोवर हे खपून गेले. १९७३च्या तेलटंचाईनंतर प्रत्येक टनाचा हिशेब होऊ लागला.

या हिशेबातून काही विलक्षण वाघिणी जन्मास आल्या. सांता फे रेल्वेने १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात दहा सांगाड्यांची एक जोडवाघीण तयार केली. तिला सपाट तळ नव्हताच. मधोमध एक पोलादी तुळई, ट्रेलरची चाके टेकण्यापुरत्या पाट्या आणि त्याचे तोंड धरून ठेवणारा आधार, एवढेच तिचे अंग होते. शेजारच्या दोन सांगाड्यांना मिळून एकच बोगी असल्यामुळे मधल्या जोडकड्या व त्यांचे हिसके नाहीसे झाले. मात्र तळच नसल्याने सर्कशीची रीत बंद पडली. ट्रेलर यारीनेच उचलून ठेवावा लागे. म्हणजे वाघीण हलकी झाली, तिच्यासाठी स्थानक मात्र भारी झाले.

१९८०च्या दशकाच्या आरंभी ट्रेलर ट्रेन कंपनीने याहून धाडस केले. तिची ‘फ्रंट रनर’ ही वाघीण एकाच ट्रेलरपुरती होती आणि तिला बोग्यांऐवजी केवळ दोन आस, म्हणजे चार चाके होती. भारतात चारचाकी वाघीण दीर्घकाळ परिचयाची होती. अमेरिकेत मात्र ती केव्हाच मागे पडली होती. ती पुन्हा अवतरण्यास कायदाही कारण झाला. १९८२ च्या कायद्याने ४८ फुटी ट्रेलरांना राष्ट्रीय महामार्गांवर वाट मोकळी झाली, आणि असे दोन ट्रेलर ८९ फुटांत मावेनात. रस्त्याच्या नियमाने रुळांवरच्या हजारो वाघिणींची मापे चुकवली! परंतु हलकेपणाचीही किंमत असते. फार हलकी वाघीण लांबलचक गाडीच्या ओढाताणीत वळणावर रूळ सोडण्याचा धोका असतो. तिला गाडीत कोठे जोडावे याचा विचार करावा लागतो.

वाघीणच नको, असाही एक पंथ होता. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने १९५०च्या दशकात रुळांवर धावू शकणारा ट्रेलर बनवला. त्याच विचारातून पुढे ‘रोडरेलर’ आला. त्याच्या आरंभीच्या नमुन्यात लोखंडी चाके ट्रेलरलाच कायम जोडलेली असत, त्यामुळे रस्त्यावर तेवढा माल कमी घ्यावा लागे. नंतर बोगी वेगळी करून यार्डातच ठेवण्याची सोय झाली. अमेरिकेतील ही सेवा २०२४ साली संपली.

या साऱ्यांवर मात केली ती कंटेनरने. १९८४ पासून एकावर एक दोन कंटेनर ठेवलेल्या नियमित गाड्या धावू लागल्या. चाके बंदरात वा यार्डात राहिली, पेटी तेवढी पुढे गेली. ट्रेलर हलका करण्याचे जे कोडे अभियंते वाघिणीत सोडवू पाहत होते, ते चाके मागे ठेवून सुटले.

तथापि वजनाचा हिशेब सर्वत्र सारखाच नसतो. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी मालमोटारी वाहून नेणारी सेवा सुरू केली. तेथे चालकासह सबंध मालमोटार साध्या सपाट वाघिणीवर चढते, तीही सर्कशीच्याच रीतीने. वजनाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार भासेल. पण वळणावळणाचा घाटरस्ता, पावसाळा आणि चालकाचा शीण टळतो, हा लाभ तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडतो. अमेरिकेच्या सपाट प्रदेशात जी वाघीण जड ठरली, तीच सह्याद्रीच्या पायथ्याशी परवडते. वाघिणीचे वजन टनांत मोजता येते. तिची योग्यता मात्र ती कोणत्या वाटेवर चालते यावरून ठरते.